आधी वाटणी, मग खून

प्रिय बाय,

तुझं बाड वाचून झालं. शेवटच्या पानामागे शिसपेन्सिलीनं लिहिलेलंही वाचलं: ‘काका, खुनी कोण तेच ठरत नाही. धाकट्याला करू की आत्याला? की सगळंच पुण्याला नेऊ? इथलं, गोव्यातलं मराठी घर बाहेरच्या वाचकाला कळत नाही, असं सगळे म्हणतात.’

हे ‘सगळे’ मला चांगले ठाऊक आहेत. माझ्या तरुणपणीही ते होते आणि हेच म्हणत होते.

तुला लिहिता येतं का, हे तू विचारलेलं नाहीस आणि मीही त्यावर शाई घालवणार नाही. माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळापानांच्या छताला, बांधायचा सुपारीचा घड कोणाच्या वाट्याच्या झाडावरून काढायचा, यावरून दोन जावांची धुसफूस तू लिहिलीयस. ते पान मी पुन्हा वाचलं. तुझी अख्खी कादंबरी त्या पानात बसलेली आहे. तू मात्र ते पान उलटून सायनाइडची बाटली शोधायला गेलीस.

खुनी सापडत नाही याचं कारण एवढंच, की तुझ्या घरात कोणाचं काय आहे हे तुला अजून माहीत नाही. थोरला तापट, धाकटा लोचट, आत्या कुजकी, हे सगळं ठीक. पण तापट माणूस ताट भिरकावतो. खुनापर्यंत जायला त्याला काहीतरी मिळणार असावं लागतं किंवा हातचं काहीतरी जाणार असावं लागतं. ते किती, हे वाचकाला नाही कळलं तरी चालेल, लेखकाला पै-पैशानं माहीत पाहिजे. म्हणून माझं म्हणणं आताच सांगून टाकतो. पुढे पत्रभर तेच सांगणार आहे, कंटाळलीस तरी. आधी वाटणी मांड, मग खून कर.

तुझ्या डोळ्यांपुढे कोणतं पुस्तक आहे ते लपत नाही. माझ्याच कपाटातून नेलेलं अगाथा ख्रिस्तीचं ‘क्रुकेड हाउस’, १९४९ सालचं. चांगलं पुस्तक निवडलंस. स्वतःच्या पुस्तकांतलं हे आपल्या खास आवडीचं, वर्षानुवर्षं मनात घोळवलेलं, असं ती स्वतःच प्रास्ताविकात सांगते. लंडनजवळचं वेडंवाकडं वाढलेलं घर. खाणावळींच्या धंद्यात गडगंज झालेला ग्रीक वंशाचा म्हातारा लिओनिडीस. दोन मुलगे, सुना, नातवंडं, पहिल्या बायकोची बहीण, आणि उतारवयात केलेली तरुण दुसरी बायको. रोजच्या इन्शुलिनच्या सुईतून एके दिवशी डोळ्यांत घालायचं औषध जातं आणि म्हातारा मरतो.

तू यातून मोठं घर घेतलंस, म्हातारा घेतलास, विष घेतलंस, आणि पदरची भर म्हणून चवथीच्या, गणेशचतुर्थीच्या पंगतीत आजोबांच्या तोंडी ‘उद्या मृत्युपत्र बदलतो, सगळं नातवाला’ ही धमकी घातलीस. बाईनं मुळात काय केलं होतं ते मात्र निसटलं. ती आधी हिशेब करून बसली होती. लिओनिडीसनं हयातीतच मुलांना भरपूर पैसे वाटून दिले होते. त्या काळच्या इंग्लंडात मृत्युकर जबर होता, श्रीमंत माणसं असं करतच. म्हणजे वरवर पाहता म्हातारा मेल्यानं कोणाचंच काही अडलेलं सुटणार नव्हतं. मग एकेक फट दिसायला लागते. एका मुलाच्या हातातला धंदा बुडीत निघालाय. दुसऱ्याच्या बायकोला नाटक रंगमंचावर आणायला पैसा हवाय. सगळ्या कुटुंबासमोर वाचून दाखवलेलं, सगळ्यांनी ‘डोळ्यांनी पाहिलेलं’ मृत्युपत्र उघडलं तर त्यावर सहीच नाही. खरं मृत्युपत्र निघतं तेव्हा इस्टेट जवळजवळ एकाच माणसाच्या नावे असते. कोणाच्या ते इथे लिहीत नाही, कारण पुस्तकातली तुझी खूण अजून मध्यावरच आहे असं तू म्हणालीस.

शेवटही सांगत नाही. एवढंच सांगतो, की तिथे वाचक शेवटपर्यंत पैशाकडे बघत राहतो आणि तडाखा भलतीकडून बसतो. तो का बसतो? पैशाचा हिशेब खरा आहे म्हणून. तो पोकळ असता तर वाचकानं पन्नासाव्या पानावरच तिकडे बघणं सोडलं असतं आणि त्याला चकवायला काही उरलं नसतं. वारसा हा तुझ्या गोष्टीत खुनाचं खरं कारण असो की हुलकावणी, दोन्हीसाठी वाटणी आधी मांडावी लागते.

आता तुझ्या घराकडे येऊ. इथे मी जरा चिडणार आहे.

फोंडा तालुक्यातलं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, मधे चौक असलेलं राजांगणाचं जुनं घर, आजी हयात, दोन मुलगे, एक मुलगी. आजोबा म्हणतात, सगळं नातवाला. बाय, ते कसं देणार? तो इंग्लंडातला म्हातारा देऊ शकत होता. तिथे मालकाला आपली मालमत्ता वाटेल त्याला देता येते. फार तर १९३८ च्या कायद्यानं बायकोला नि अवलंबून असलेल्या मुलांना कोर्टात जाऊन निर्वाहापुरतं मागता येत होतं. तुझा म्हातारा गोव्यात जन्मलाय. त्याच्या डोक्यावर १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा बसलाय, जो इथे १ जुलै १८७० पासून लागू झाला, १९६१ नंतरही राहिला, आणि वारशाच्या बाबतीत २०१२ चा गोव्याचा स्वतःचा कायदा आला तरी त्याचा सांगाडा तोच आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, अर्धी-अर्धी. आजीचा अर्धा हिस्सा आजोबांच्या मरणानं तिला मिळणार नाहीये, तो तिचा आहेच. तिची सही नसेल तर आजोबा हयातीत कुळागराचा एक तुकडाही विकू शकत नाहीत. उरला त्यांचा अर्धा. त्यातला अर्धा मुलांसाठी राखीव, त्याला त्यांना हात लावता येत नाही. मुलाला त्यातून वगळायचं तर कायद्यानं ठरवून दिलेली कारणं लागतात. ‘मला उलट बोलला’ हे त्यात बसत नाही.

चोवीस वाटे धर. बारा आजीचे. बारा आजोबांचे. त्यातले सहा राखीव, तीन मुलांना दोन-दोन. मृत्युपत्रानं आजोबांना मनासारखे देता येतात ते फक्त उरलेले सहा. अख्ख्या घराचा चवथा हिस्सा. मृत्युपत्र नसतं तर प्रत्येक मुलाला चार मिळाले असते. नातवाला सगळे सहा दिले तर प्रत्येकाला दोन. म्हणजे तुझ्या पंगतीत बॉम्ब पडला असं तू लिहिलंयस, तिथे प्रत्यक्षात प्रत्येकाचे चोविसातले दोन वाटे धोक्यात आलेत. आणि थोरल्याचे तर तेही नाहीत, ते त्याच्याच मुलाकडे चाललेत. तरी तुझा थोरला पंगतीतून पांढराफटक होऊन उठतो. कशाला उठतो तो?

दोन वाट्यांसाठी खून होत नाही असं मी म्हणत नाही. एका माडासाठीही होतो. पण मग त्या दोन वाट्यांत काय येतं ते मला दिसू दे. तळीकाठचा तुकडा? रस्त्याला लागलेली जागा, जिचा भाव गेल्या काही वर्षांत कुठच्या कुठे गेला? खालचं भातशेत म्हणशील तर ते कुळाकडे गेलेलं असणार, कूळकायद्याची १९७६ ची दुरुस्ती विसरू नकोस. कोपऱ्यातल्या मुंडकाराला, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, तू लाकडं फोडायला ठेवलंयस, त्याला त्याच्या घरातून काढता येत नाही, १९७५ पासून. तू त्याला एकही संवाद दिला नाहीस. संशयितांच्या यादीतून त्याला गाळायचं तर गाळ, पण त्याचा हिशेब करून गाळ.

आणखी एक. ‘उद्या बदलतो’ म्हणतात आजोबा. उद्या म्हणजे चवथीचा दुसरा दिवस. सरकारी कचेरी बंद. गोव्यात मृत्युपत्र नोटरीपुढे होतं. घरच्या कागदावर लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या की झालं, हे टीव्हीवरच्या मालिकांतलं मृत्युपत्र इथे चालत नाही. उघडं मृत्युपत्र नोटरीच्या वहीत लिहिलं जातं. बंद मृत्युपत्र घरी लिहिता येतं, पण तेही नोटरीपुढे नेऊन मंजूर करून घ्यावं लागतं, आणि आत काय लिहिलंय ते झाकलेलं राहतं. ते जुनं बंद पाकीट तुझ्या कामाचं आहे बघ. आजोबांनी पूर्वीच केलेलं, आत काय आहे कोणाला माहीत नाही, आणि प्रत्येकजण आत आपलं नाव आहे असं धरून चाललाय. ड्रॉवरमध्ये अचानक सापडणाऱ्या तुझ्या चिठ्ठीपेक्षा ते कितीतरी बरं.

सायनाइड मात्र आजच्या आज काढून टाक. ख्रिस्तीनं पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम केलं होतं, औषधं तिला ठाऊक होती, आणि तरी या पुस्तकात तिनं बाहेरून काही आणलं नाही. घरातल्या एका माणसाचं रोजचं औषध तिला पुरलं. तुझ्या कुळागरात पावसाळ्यात सुपारीवर कोळेरोगासाठी मोरचुदाची फवारणी होते, ती तुला माहीत असणार. म्हणून लगेच मोरचूद चहात घालू नकोस, म्हातारा पहिल्याच घोटाला थुंकेल. मी एवढंच म्हणतो, की घरातल्या वस्तूंची यादी कर, मारायचं साधन त्या यादीतून येऊ दे.

आत्याबद्दल. ‘मुलीच्या जातीला काय मिळणार आहे?’ असं ती पदर डोळ्यांना लावून म्हणते. वाक्य ऐकायला बरं आहे, पण ही बाई बोरीची आहे, बार्शीची नव्हे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीनं बसवायला महाराष्ट्राला १९९४ उजाडावं लागलं, देशाला २००५. इथे तिच्या पणजीलाही भावाइतकाच वाटा होता. आता खरं काय व्हायचं ते मी सांगतो, कारण वकिलाच्या कचेरीत आमच्या टेबलावर तेच यायचं. वाटा असायचा आणि बहीण सही करून सोडून द्यायची. चवथीला माहेरी पान मांडलं जावं म्हणून. भावाच्या तोंडून ‘आमची बाय’ ऐकायला मिळावं म्हणून. अशा सह्या मी टाइप केलेल्या आहेत. तुझी आत्या गरीब बिचारी ठेवू नकोस. तिला यंदा सही न करणारी आत्या कर. मग पंगतीत तिच्यासमोर पातोळ्या वाढताना वहिनीचा हात कसा होतो ते तुला आपोआप लिहिता येईल.

आणि जावई, सुना? त्यांना तू कोपऱ्यात बसवून पत्ते खेळायला लावलंयस. अगं, इथे सून आणि जावई हे वाटणीतले मानकरी आहेत! मुलाला जे वारशानं येतं ते त्याच्या आणि बायकोच्या एकत्र मालमत्तेत जातं, त्यात तिचा अर्धा. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या, अर्जात वारसाच्या नावाखाली त्याच्या जोडीदाराचं नाव असतं. आमच्या वकिलांकडे पहिल्यांदा येणारी मुंबईची सून चहा घेऊन बाजूला बसायची, आणि वकीलसाहेब म्हणायचे, वहिनी, खुर्ची पुढे घ्या, तुमचीही सही लागणार आहे. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येई त्यावर मी कादंबरी लिहिली असती.

लिहिलीच होती. त्याकडे येतो. पण आधी तुला खुनी शोधून देतो, म्हणजे पत्र फुकट गेलं असं वाटायला नको.

तुझा धाकटा आजारी आहे, हे तू चौथ्या प्रकरणात एका ओळीत सांगून विसरलीस. बांबोळीच्या इस्पितळात तपासण्या चालल्यात, डॉक्टर फारसं बोलत नाहीत. त्याला मूल नाही. त्याची बायको शांत, कामसू, सगळ्यांची लाडकी. आता मांड. धाकटा वडिलांच्या आधी गेला तर? त्याला मूल नाही, त्याच्या जागी उभं राहायला कोणी नाही. आजोबांच्या बारा वाट्यांतून धाकट्या सुनेला काहीही मिळत नाही. एक नारळही नाही. मृत्युपत्र नसलं तर सगळे बारा थोरल्यात आणि आत्यात, सहा-सहा. पण आजोबा आधी गेले आणि धाकटा त्यांच्यामागून एक दिवस जरी जगला, तर त्याला चार वाटे आले, त्यातले दोन त्याच क्षणी तिचे झाले. नवरा गेल्यावर त्याचे राहिलेले दोन मूल नसल्यानं माघारी त्याच्या आईकडे, म्हणजे आजीकडे जातात. ते जाऊ देत. तिचे दोन तिच्याकडे राहतात, आणि दोन वाट्यांची मालकीण वाटणीच्या टेबलावर बसते.

दिसलं का? या घरात एका बाईला म्हातारा नवऱ्याच्या आधी जायला हवा आहे. आणि थोरल्याला नि आत्याला तोच म्हातारा धाकट्याच्या मागे राहायला हवा आहे. एकजण म्हाताऱ्याच्या जिवावर उठलीय आणि दुसरे दोघे त्याच्या पथ्याचं ताट जातीनं बघतायत! ‘बाबांची किती काळजी घेतो हो थोरला’ म्हणून शेजारीण कौतुक करते. यातलं काहीही मी रचलेलं नाही, कायद्यानं रचलंय, आपण फक्त वाचायचं. आता सांग, हे पुण्याला नेऊन कसं लिहिशील? तिथे विधवा सुनेचं गणित वेगळं, आजीचं वेगळं, मृत्युपत्राचं वेगळं. ही गोष्ट तिथे उभीच राहत नाही. आधी वाटणी मांडली की जागा कुठली घ्यायची, हा प्रश्न विचारावाच लागत नाही.

पुढे खुनी पकडला गेला की त्याचा वारसा जातो, हेही ध्यानात ठेव. म्हणून हुशार वारसाला पकडलं न जाणं पुरत नाही. मृत्यू नैसर्गिक वाटायला लागतो आणि मृत्यूची वेळ नोंदवलेली असायला लागते. डॉक्टर किती वाजता आला, दाखल्यावर कोणती तारीख पडली, मध्यरात्रीच्या अलीकडची की पलीकडची. तुझा मुंबईहून येणारा सीआयडी अधिकारी बोटांचे ठसे घेत बसतो, त्याला परत पाठव.

माझ्या कादंबरीत शोध लावणारा कारकून होता. हसू नकोस. वकिलाच्या कचेरीतला कारकून घराची सगळी अंडीपिल्ली जाणतो, आणि त्याच्यासमोर कोणी आवाज खाली करत नाही. मी लिसिटेशनवर एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं. तुला माहीत नसेल तर ऐक. इन्व्हेंटरी कोर्टात लागली की इस्टेटीचा प्रमुख म्हणून बहुधा मागे राहिलेला नवरा किंवा बायको शपथेवर यादी देते. सोनं, भांडी, येणं, देणं, जमीन, घर. हयातीत मुलांना दिलेल्या देणग्याही हिशेबात परत आणल्या जातात. लिओनिडीसची वाटावाटी इथे असती तर तीही मोजली गेली असती. किंमत लागते. मग वारस आपसात बोली लावतात, तेच लिसिटेशन. जास्त बोलेल त्याची वस्तू, आणि वाट्याहून जास्त घेतलं तर वरचे पैसे तो बाकीच्यांना देतो, ओवल्टी म्हणतात त्याला. कोर्टाच्या खोलीत दोन भाऊ देवघर असलेल्या घरावर बोली चढवतात. एक त्यात जन्मभर राहिला, छप्पर शाकारलं, आईबापांचं केलं, आणि हातात पैसा नाही. दुसरा दुबईहून आलाय. पहिला एका आकड्याशी थांबतो. त्या थांबण्याएवढी भयंकर गोष्ट मी कुठल्याही रहस्यकथेत वाचलेली नाही, आणि तिथे कोणी कोणाला हातही लावत नाही.

पुण्याच्या एका प्रकाशकाकडे बाड दिलं. गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, गोष्ट छान आहे, ते बोलीचं प्रकरण काढा, आणि घर कोकणात आणा, रत्नागिरी वगैरे, गोवा म्हटलं की वाचकाला समुद्रकिनारा लागतो. मी म्हटलं, रत्नागिरीत ही बोली लागत नाही. ते म्हणाले, वाचकाला कुठे कळणार आहे? मी बाड उचललं आणि पुणे स्टेशनवर आलो.

तू म्हणशील, काका, दोन पानं कापली असती तर आज तुमच्या नावावर पुस्तक असतं. तुझी काकी तर हे अजून म्हणते, चहा देता देता म्हणते. खरंय, नाव झालं नाही. दिवाळी अंकांत काही कथा आल्या, त्यावर भागवलं. कधीकधी ग्रंथालयात रहस्यकथांच्या फळीपुढे उभा राहतो तेव्हा पोटात काहीतरी हलतंच, नाही कशाला म्हणू? पण ते प्रकरण कापलं असतं तर खुन्याला कारणच उरत नव्हतं. तो नुसता दुष्ट झाला असता. मला नुसता दुष्ट माणूस लिहायचा नव्हता, तो कोणालाही लिहिता येतो. ‘वाचकाला कुठे कळणार आहे’ हे वाक्य ज्या दिवशी लेखक मान्य करतो त्या दिवसानंतर त्याच्या खुनांत जीव राहत नाही. मी हट्टी आहे, कबूल. या बाबतीत अजून आहे.

आणि ज्या घरांचे कागद माझ्या हातून गेले त्यातलं एकही घर मी कधी कथेत आणलं नाही, हेही सांगून ठेवतो, कारण गेल्या खेपेला तू ‘काका, एखादी खरी केस सांगा ना’ म्हणालीस. नाही सांगणार. लोक विश्वासानं फायली उघडतात. तुझ्या गावातही कुलूप लागलेली घरं आहेत, चवथीला दोन दिवस उघडणारी. त्यांच्या भांडणाची चवकशी करत फिरू नकोस. कायदा आणि बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे, माणसं आपल्या मनातली घाल.

पणजीत पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत जा. १८३२ ची संस्था आहे, आता नव्या इमारतीत. २०१२ चा वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा तिथे मागून घे. तो लागू झाला २०१६ च्या डिसेंबरात, तेव्हा तुझी गोष्ट कोणत्या साली घडते ते आधी ठरव. सध्या तुझ्या आजोबांकडे मोबाईल आहे आणि पोस्टमन तारही आणतो. भाषा रुक्ष आहे, वाच. एकेक कलम वाचताना विचारायचं, यामुळे कोणाची झोप उडेल? मला उभ्या आयुष्यात याहून चांगला कथाबीजांचा संग्रह मिळालेला नाही. मुंबईला आजोबांची गिरगावात खोली आहे असं तू ओझरतं लिहिलंयस. तीही याच वाटणीत धर. गोव्याच्या माणसाची बाहेरची मालमत्ताही इथल्याच वारसा कायद्यानं जाते, असा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे. म्हणजे त्या खोलीत फुकट राहणारा तुझा भाचा इतका निवांत असायचं कारण नाही.

यातलं सगळं पुस्तकात घालू नकोस. हे सांगायची गरज नव्हती, पण तू उत्साही आहेस. वाचकाला चोवीस वाटे पाठ करायला लावलेस तर तो पुस्तक मिटेल आणि त्याचं बरोबर असेल. त्याला सुपारीचा घड दाखव, दोन जावा दाखव, पंगतीत कोण कोणाला वाढत नाही ते दाखव. वाटणीचा कागद तुझ्या टेबलाच्या खणात राहू दे. पण तो असू दे. तो नसेल तर मला बाड परत पाठवू नकोस, मी वाचणार नाही. (वाचेन. पण बोलणार नाही.)

आता कामाचं. येत्या रविवारी नको, त्याच्या पुढच्या रविवारी ये. येताना एका कागदावर प्रत्येक पात्राचा जन्म, लग्न आणि मृत्यू, तारखांसकट लिहून आण. आजोबा-आजीचं लग्न कुठे नोंदवलं, आधी करार झाला होता का. धाकट्याच्या आजाराचं निदान कोणत्या दिवशी झालं आणि ते घरात कोणाकोणाला कळलं, कोणाला उशिरा कळलं. थोरल्याचं कर्ज किती, कोणत्या सोसायटीचं. आणि नवव्या प्रकरणात आत्या तळीकाठचा तुकडा विकायच्या कागदावर सही करते तिथे तिच्या नवऱ्याची सही नाही. त्यांनी लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवायचा करार केला होता, की तू विसरलीस? करार केला असेल तर का केला, तिच्या वडिलांना जावयात तेव्हाच काय दिसलं होतं, ते मला सांग.

तुझा,
काका